क्विंटलने विकतो, पावशेराने घेतो

चाकणचा शनिवारचा बाजार ज्याने एकदा पाहिला, त्याला या भागात कुणाच्या ताटाला अन्न कमी पडते असे सांगितले तर खरे वाटणार नाही. महात्मा फुले बाजारात कांद्याच्या पिशव्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. बटाटा येतो, लसूण येतो, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग पडतात. हमालांची धावपळ, लिलावाचा पुकारा, पलीकडे जनावरांचा बाजार. खेड, शिरूर, आंबेगाव, मावळ या तालुक्यांचे पिकलेले येथे वाहनांनी येऊन पडते.

अशाच एका शनिवारी शिरूर तालुक्यातील एक ओळखीचे शेतकरी मला बाजारात भेटले. कांदा विकून, पट्टी खिशात घालून ते निघाले होते. म्हणाले, "साहेब, पोरगा इथंच कंपनीत आहे. चला, खोलीवर जाऊन घोटभर चहा घेऊ."

खराबवाडीच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. त्यातल्या एका खोलीत पाच मुले राहत होती. एक शिरूरचा, दोघे बीडचे, एक नांदेडचा आणि एक थेट बिहारचा. सगळे कंत्राटी कामगार. शेतकऱ्याचा मुलगा रात्रपाळी करून नुकताच उठला होता. वडील आले म्हणून त्याने जेवूनच जाण्याचा आग्रह धरला आणि पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. परत आला तेव्हा पिशवीत पावशेर तूरडाळ, दहा रुपयांची तेलाची पुडी, थोडी मिरची आणि पावशेर कांदा होता.

वडिलांनी त्यातला एक कांदा उचलून हातात फिरवला. "केवढ्याला दिला रं?"

मुलाने भाव सांगितला. सकाळी बाजारात त्यांच्या गोल्टीला जो भाव पडला होता, त्याच्या तो जवळजवळ चौपट होता. आणि कांदा त्यांच्या गोल्टीपेक्षा हलकाच होता.

"रोज काय खातोस तू?"

"सकाळी चहा-खारी. कंपनीत एक जेवण मिळतं. रात्री भात टाकतो."

"आणि डाळ?"

"पगार झाला की आठ-दहा दिवस असते, आबा."

आबा काही बोलले नाहीत. खिशातली पट्टी काढून त्यांनी पुन्हा एकदा वाचली. बापाने त्या दिवशी कित्येक क्विंटल कांदा विकला होता आणि लेक तोच कांदा पावशेराने विकत घेत होता. बाजार आणि खोली यांत अंतर होते ते चार-पाच किलोमीटरचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज आपल्यापैकी फार थोडी घरे अशी असतील, की ज्यांचे कुणी पिंपरी, चिंचवड, भोसरी किंवा चाकणला कामाला नाही. तेव्हा ही मंडळी आपले अन्न कोठून घेतात, काय भावाने घेतात आणि त्यात त्यांच्या पोटाचे काय होते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

पावशेराचा हिशेब

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-चिंचवडच्या माळावर कारखाने आले. पुढे चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांच्या जमिनींवर वाहनांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. पिंपरी-चिंचवडची वस्ती २००१ च्या जनगणनेत सुमारे दहा लाख होती, ती २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेली. एवढी माणसे आली ती काम शोधत आली. येताना शेत बरोबर आणता येत नाही. जो आला तो विकत घेऊन खाणारा झाला.

२०२३-२४ च्या सरकारी पाहणीत देशातील शहरी कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४० टक्के आणि ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४७ टक्के खर्च अन्नावर होत असल्याचे दिसले. कमाई जितकी कमी तितका हा वाटा मोठा असतो. आता रोजंदारीवरच्या माणसाचे बघा. खोलीचे भाडे ठरलेले असते, त्यात काटछाट करता येत नाही. गावी पाठवायचे पैसे थांबवता येत नाहीत. आजारपण सांगून येत नाही. महिन्याच्या खर्चात ज्यावर हात मारता येतो असा एकच रकाना उरतो, तो म्हणजे जेवण. त्यातही आधी दूध जाते, मग फळ आणि पालेभाजी, मग डाळ. शेवटी उरतो भात, बटाटा, मिरची आणि चहा. पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगात बळ राहत नाही.

आणि गंमत अशी, की ज्याच्याजवळ पैसा कमी तोच महाग विकत घेतो. हे कसे होते ते उदाहरणाने पाहू. समजा, खाद्यतेलाची एक लिटरची पिशवी १५० रुपयांना आहे. हातात एवढे पैसे नाहीत म्हणून दहा रुपयांची पुडी घेतली आणि तिच्यात ५० मिलिलिटर तेल निघाले, तर लिटर पडले २०० रुपयांना. महिन्याला दोन लिटर तेल लागत असेल तर तेथेच १०० रुपये जास्त गेले. समजा, तूरडाळ पाच किलो एकदम घेतली तर १२० रुपये किलो पडते आणि पावशेराला दुकानदार ३५ रुपये घेतो. म्हणजे किलोला १४० झाले. महिन्याला चार किलो डाळ लागली तर ८० रुपये जास्त. दोन्ही मिळून १८० रुपये. त्या १८० रुपयांत दीड किलो डाळ आली असती. महिनाअखेर ताटातून जी डाळ नाहीशी होते, ती ही अशी वाटेतच सांडलेली असते.

मग एकदम का घेत नाहीत? असे आपण सहज विचारतो. त्याची कारणे सरळ आहेत. मजुरी रोज किंवा आठवड्याने मिळते. खोलीत पाच माणसांचे अंथरूण पडले की डबा ठेवायला जागा उरत नाही. उंदीर आणि किडे असतात. बाराबारा तास काम करून आलेला माणूस पुन्हा बाजार गाठायला निघत नाही. याला आळस किंवा उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे होईल.

कोण कोठून घेते?

गेली काही वर्षे कामानिमित्त या वाड्या-वस्त्यांतून फिरताना खरेदीची ठिकाणे मला साधारण अशी दिसली.

पहिले ठिकाण गल्लीतले किराणा दुकान. ते जवळ असते, रात्री उशिरापर्यंत उघडे असते आणि मुख्य म्हणजे उधार देते. वहीवर लिहून माल मिळतो, पगाराला चुकता करायचा. दुकानदाराला आपण सरसकट दोष देऊ नये. खोली सोडून रातोरात निघून गेलेल्यांची उधारी त्याच्याही अंगावर पडते. तो धोका तो मालाच्या भावात घालतो, आणि जो इमानाने पैसे देतो त्याला तो भरावा लागतो. उधारी असली की दुसरीकडे स्वस्त मिळाले तरी तिकडे जाता येत नाही.

दुसरे ठिकाण रस्त्यावरच्या हातगाड्या. पाळी सुटायच्या वेळेला त्या बरोबर हजर असतात. भाजीचा वाटा येथे मिळतो. आयाबाया दिवे लागणीनंतर मुद्दाम उशिरा येतात, कारण गाडी हलवायच्या वेळी सुकलेल्या भाजीचा भाव उतरतो. पालक पिवळा पडलेला असतो, टोमॅटो दबलेले असतात, पण तेवढ्यात दोन दिवसांचे कालवण निघते.

तिसरे ठिकाण आठवडे बाजार. जी कुटुंबे बायका-मुलांसह राहतात आणि ज्यांच्या हाती आठवड्याचा रोख पैसा येतो, ती शनिवार साधतात. भावात मोठा फरक पडतो. मात्र एकट्या मुलांपैकी फार थोडे बाजाराला जातात. शनिवार त्यांच्या कामाचा दिवस असतो.

चौथे ठिकाण टपरी. वडापाव, समोसा, चहा, बिस्किटाचा पुडा. पुष्कळांचे एक जेवण यावरच निघते. चूल पेटवायला गॅस लागतो, वेळ लागतो आणि भांडी घासायला पाणी लागते. या तिन्हींची टंचाई असली की टपरीच स्वस्त वाटू लागते.

पाचवे ठिकाण आपले गाव. सणाला गेलेला मुलगा येताना ज्वारीचे पीठ, डाळ, शेंगदाणे, चटणी घेऊन येतो. एसटीने पिशवी येते. ती संपेपर्यंत खोलीत सगळेच बरे जेवतात, कारण पिशवी एकाची असली तरी ताटे पाच मांडली जातात.

ज्यांच्या जमिनी कारखान्यांत गेल्या त्या स्थानिक घरांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. कुणी पैसा नीट गुंतवला, खोल्या बांधल्या, त्यांचे बरे चालले आहे. पण ज्या घरात भावाभावांत वाटण्या होऊन पैसा विरून गेला, तेथे एकेकाळी कणगी भरलेली असे त्या घरची म्हातारी आज पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी असते. मला एक आजी म्हणाल्या, "बाबा, आमी कधी ज्वारीचा भाव इचारला नव्हता."

कार्ड गावात, पोट चाकणला

आता रेशनचे पाहू. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी रेशनचा लाल मिलो खाऊन दिवस काढले. रेशनचे मोल आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा झाला. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा कायद्याने हक्क ठरला. आधी ते दोन-तीन रुपये किलोने मिळे, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चार माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला २० किलो मिळते. बाजारात धान्य समजा ३५ रुपये किलो असेल, तर महिन्याला ७०० रुपये वाचले. एवढ्यात डाळ, तेल आणि थोडी भाजी सुटते.

पण या पट्ट्यातील पुष्कळ कामगारांना हे धान्य मिळत नाही. कायदा लागू करताना महाराष्ट्रात शहरी कुटुंबासाठी वर्षाला ५९ हजार आणि ग्रामीण कुटुंबासाठी ४४ हजार रुपये अशी उत्पन्नाची मर्यादा ठरली. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. चाकणला खोली घेऊन राहणारा कोणताही कामगार त्याहून जास्त कमावतो आणि त्यातले बरेच भाड्यात घालवतो. शिवाय किती माणसांना धान्य द्यायचे याचा कोटा २०११ च्या जनगणनेवर बांधला गेला. त्यानंतर येथे आलेल्या माणसांना त्यात जागा कोठून मिळणार?

तेव्हा शहरात नवे कार्ड मिळणे अवघड. पण गावच्या कार्डावर नाव असेल तर वाट मोकळी आहे, आणि हीच गोष्ट पुष्कळांना माहीत नाही. २०१९ साली 'एक देश, एक रेशन कार्ड' ही योजना सुरू झाली. महाराष्ट्र त्यात पहिल्यापासून आहे आणि २०२२ पर्यंत सगळी राज्ये आली. कार्ड गावचे असले तरी चाकणच्या किंवा भोसरीच्या रास्त भाव दुकानात यंत्रावर अंगठा लावून आपल्या वाट्याचे धान्य घेता येते. शिरूरचे कार्ड चालते, तसे बिहारचेही चालते. मुलाने आपल्या वाट्याचे येथे घेतले म्हणजे गावी आईबापाचे बंद होते, असे नाही. वाटा विभागून घेता येतो. जेवढे येथे उचलले तेवढेच गावच्या हिश्श्यातून वजा होते.

खोलीतल्या त्या पाच मुलांना मी विचारले. पाचापैकी चौघांची नावे गावच्या कार्डावर होती. चौघांपैकी एकानेही येथे कधी धान्य घेतले नव्हते. एक जण एकदा गेला होता. "बाहेरगावचं कार्ड चालत नाही" असे सांगून त्याला परत पाठवले होते आणि तो पुन्हा गेला नाही. रात्रपाळीचा एक दिवस रांगेत घालवायचा आणि हात हलवत यायचे, हे दुसऱ्यांदा कोण करील?

खाणावळीचा धडा

परगावच्या कामगाराच्या जेवणाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना खाणावळवाल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जेवू घातले. पगाराला पैसे घ्यायचे आणि महिनाभर उधारीवर रांधायचे. त्यासाठी लागणारा किराणा त्या स्वतः सावकारी व्याजाने उचलत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. भांडवल मिळाल्यावर किराणा रोखीने, घाऊक भावाने येऊ लागला आणि तेच ताट बायकांना परवडू लागले.

पुण्यात हमाल पंचायतीने बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. हमालाला ना नफा ना तोटा या तत्त्वावर गरम भाकरी-भाजी मिळावी, एवढाच हेतू होता. सरकारनेही वेळोवेळी प्रयत्न केले. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर निघाली, जानेवारी २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. टाळेबंदीत या थाळीने पुष्कळांना आधार दिला. मात्र सरकारी केंद्र निधीवर चालते. निधी आटला की चूल थंडावते. बायकांनी आणि कष्टकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या चुली जास्त टिकतात, असा अनुभव आहे.

मुंबईच्या डबेवाल्यांपैकी बरेच जण आपल्या खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नरचे आहेत. शंभराहून अधिक वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या घरचे जेवण वेळेवर पोहोचवले. त्याच तालुक्यांच्या वेशीवर आज हजारो मुले चहा-खारीवर पाळी काढतात, ही आपल्याला विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

आपल्याला काय करता येईल?

सगळे आपल्या हातात नाही. मजुरी वाढणे, कार्डांचा कोटा वाढणे या गोष्टी सरकारने आणि कारखानदारांनी करायच्या आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह सक्तीचे केले होते. २०२० च्या नव्या संहितेने तो आकडा १०० वर आणला आणि त्यात कंत्राटी कामगारही धरले. पण लहान वर्कशॉपातला आणि नाक्यावरचा मजूर त्याबाहेरच राहतो. म्हणून आपल्या हातातल्या गोष्टी आपण कराव्यात.

१) घरातले रेशन कार्ड काढून पाहा. बाहेरगावी गेलेल्या मुला-मुलीचे, सुनेचे नाव त्यावर आहे का? आधार जोडलेले आहे का? ई-केवायसी झाली आहे का? नसेल तर तलाठी, दुकानदार किंवा तहसील कचेरीचा पुरवठा विभाग गाठा. नाव कमी होऊ देऊ नका.

२) मुलाला सांगा, की गावचे कार्ड तेथे चालते. दुकानदाराने नाही म्हटले तर १४४४५ किंवा १९६७ या मोफत क्रमांकावर तक्रार करता येते. खोलीतल्या सगळ्यांनी मिळून जावे, एकट्याला परत पाठवणे सोपे असते.

३) पगाराच्या दिवशी महिन्याची डाळ आणि तेल आधी रोखीने घ्यावे, उधारी लागलीच तर बाकीच्या मालाची करावी. खोलीतल्या पाच जणांनी मिळून घेतले की घाऊक भाव मिळतो. वहीतल्या उधारीची नक्कल स्वतःजवळ ठेवावी.

४) गावाहून धान्य-डाळ पाठवायची तर चांगले कडक ऊन देऊन, निवल्यावर, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून पाठवावी. पोत्यात पाठवलेली डाळ दमट खोलीत महिन्याभरात किडते. कडधान्याला एरंडेलाचा हात फिरवला तर कीड लागत नाही.

५) बचत गटाच्या भगिनींनी खाणावळीचा विचार करावा. घराशेजारी कामगारांच्या खोल्या आहेत, हाताला भाकरी येते आणि शेतात भाजी आहे, अशा घरांना हा चांगला जोडधंदा आहे.

६) भाजीपाला करणाऱ्या शेतकऱ्यांनी आपला थोडा माल थेट कामगार वस्तीत विकून पाहावा. २०१६ साली राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकण्यास मोकळीक दिली आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. हे बाजार बहुधा मोठमोठ्या सोसायट्यांच्या दारात भरलेले मी पाहिले. पत्र्याच्या खोल्यांच्या दारातही गिऱ्हाईक आहे आणि ते संख्येने मोठे आहे. गोल्टी कांदा, लहान बटाटा, बाजारात मातीमोल जाणारी मेथी, यांना तेथे मागणी आहे. तोलाई, वाहतूक वजा जाता बाजारात जे पदरात पडते त्याच्या दुप्पट तुम्हाला मिळाले आणि कामगाराला दुकानाच्या निम्म्या भावाने मिळाले, तर दोघांचेही भले होते. वेळ मात्र पाळी सुटण्याची धरावी. सकाळी दहाला गेलात तर खोल्यांना कुलपे दिसतील.

त्या शनिवारी आम्ही जेवून उठलो तेव्हा आबांनी मुलाला एवढेच विचारले, "घरी का नाही सांगितलंस?" मुलगा खाली बघत म्हणाला, "तुमचं कांद्याचं आधीच वाईट चाललंय, त्यात आणखी काय सांगायचं?" बापाने भाव पडल्याचे लेकाला सांगितले नव्हते आणि लेकाने डाळ संपल्याचे बापाला. दोघेही एकमेकांना जपत होते आणि दोघांचेही नुकसान होत होते.

पंधरा दिवसांनी आबा पुन्हा बाजाराला आले तेव्हा टेम्पोत गोल्टीच्या चार पिशव्या वेगळ्या बांधलेल्या होत्या. एक लेकाच्या खोलीसाठी ठेवली आणि तीन संध्याकाळी त्या रांगेसमोर पोते अंथरून, तागडी लावून विकल्या. पाळी सुटल्यावर तासाभरात माल संपला. परत जाताना ते मला म्हणाले, "साहेब, आज पहिल्यांदा कळलं माझा कांदा खातं कोण."